तरवड बियांपासून लावायचाय? आधी बी फोडायला शिका

गणपती गेले, पितरं सुरू झाली की नगर, बीड, सोलापूर, फलटण, माण कुठल्याही बाजूच्या रोडने जा, माळावर, बांधाला, रेल्वेच्या कडेला पिवळंधमक फुललेलं एक झुडूप दिसतंच दिसतं, तोच तरवड. घटाला माळ करायची म्हणून पोरं सकाळी सकाळी जी फुलं ओरबाडून आणतात ना, ती. ह्याला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, गुरं-शेळ्यापण फारशा तोंड लावत नाहीत, आणि तरी ऐन ऑक्टोबर हीटमधे तो असा फुललेला असतो की नर्सरीतून पैसे मोजून आणलेल्या टिकोमाकडे बघवत नाही. पण बंगल्याच्या बागेत, सोसायटीच्या कंपाउंडला, फार्महाऊसच्या कुंपणाला मुद्दाम लावलेला तरवड तुम्ही किती ठिकाणी बघितलाय? नर्सरीवाले ठेवत नाहीत कारण कुणी मागत नाही, आणि माळावरून उपटून आणलेलं झाड जगत नाही कारण ह्याचं सोटमूळ सरळ खाली मुरमात घुसलेलं असतं, ते तुटलं की विषय संपला. मग राहतं बी. आणि बी लावलं की दहातले आठ जण सांगतात, उगवलंच नाही राव.

उगवतं. फक्त बियाचं कवच फोडावं लागतं, आणि उगवल्यावर पाणी घालायचा हात आवरावा लागतो. सगळी मेहनत ह्या दोन गोष्टींत आहे, बाकी तरवड स्वतःचं स्वतः बघतो.

आधी झाड बरोबर ओळखा

हे सांगायचं कारण म्हणजे पिवळ्या फुलाचं दिसेल ते झुडूप लोक तरवड म्हणून फोटो काढून पाठवतात. शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा, जुन्या पुस्तकांत कॅसिया ऑरिक्युलाटा. बहावा, टाकळा, कासविंदा हे सगळे ह्याचेच भाऊबंद, त्यामुळे फुलं एकमेकांसारखी दिसणारच. पण तरवडाची एक खूण अशी आहे की ती एकदा बघितली की परत चुकत नाही. पान जिथे फांदीला चिकटतं तिथे देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना गोलसर, कानाच्या पाळीसारखी छोटी पानं असतात, त्यांना उपपर्णं म्हणतात, आणि बाकीच्या पिवळ्या फुलवाल्यांमधे ती इतकी मोठी आणि ठसठशीत नसतात. दुसरी खूण म्हणजे पानाच्या मधल्या दांडीवर पर्णिकांच्या, म्हणजे एका पानातल्या छोट्या पानांच्या, प्रत्येक जोडीमधे एक बारीक उभी गाठ असते, भिंग नसलं तरी दिसते. पर्णिकांच्या जोड्या साधारण आठ ते बारा. टाकळ्याला तीनच जोड्या असतात आणि शेंग लांब बारीक सुतळीसारखी, कासविंद्याचं पान चुरगळलं की वास सहन होत नाही, आणि टिकोमाचं फूल तर घंटेच्या आकाराचं असतं, त्याचा ह्या कुळाशी काही संबंधच नाही.

आणि एक, सोनामुखी वेगळी. पोट साफ व्हायला जी सोनामुखीची पानं आयुर्वेदिक दुकानात मिळतात ती ह्याच सेना वंशातली पण दुसरी जात आहे, तरवडाची पानं आणून तो काढा करत बसू नका.

शेंग बघून खात्री होते. तरवडाची शेंग चपटी, पातळ, वाळली की कागदासारखी होते, साधारण दहा सेंटीमीटर लांब, आणि प्रत्येक बी बसलंय तिथे फुगवटा आणि दोन बियांच्या मधे दाबलेला खळगा, त्यामुळे न फोडता बाहेरूनच बिया मोजता येतात. एका शेंगेत दहा ते वीस.

बी कधी आणि कसं गोळा करायचं

फुलं तुरळक वर्षभर दिसतात पण मोठा बहर पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत. त्या बहराच्या शेंगा संक्रांतीच्या आसपास वाळायला लागतात आणि होळीपर्यंत झाडावर लटकून असतात. तपकिरी झालेली, हलवली की खुळखुळ वाजणारी शेंग तोडायची, हिरवट असेल तर राहू द्या. एकाच झाडाच्या सगळ्या शेंगा ओरबाडू नका, चार-पाच झाडांच्या थोड्या थोड्या घ्या. झाडाझाडात फरक असतो, काही आडवी पसरतात काही उंच जातात, काहींना फुलाचे घोस दाट येतात, त्यामुळे फुलात असताना ज्या झाडावर नजर बसली होती त्याला खूण करून ठेवली असेल तर उत्तम. फॉरेस्टच्या राखीव जागेत किंवा कुणाच्या खाजगी रानात शिरणार असाल तर आधी विचारा, तरवड म्हणून कुणी नाही म्हणणार नाही पण विचारलेलं बरं.

घरी आणून दोन दिवस उन्हात टाकायच्या आणि मग गोणपाटात घालून काठीने बडवायच्या, सुपात पाखडलं की बी वेगळं होतं. बी चपटं, तपकिरी, गुळगुळीत, पाऊण सेंटीमीटरच्या आसपास. आता नीट बघा. बऱ्याच बियांना टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक दिसेल, ते भुंगेऱ्याचं काम. त्याची अळी आत गर खाऊन वाढते आणि भुंगेरा होऊन त्या भोकातून बाहेर पडलेली असते, ते बी गेलं, बाजूला काढा. उरलेलं पाण्यात टाका, तरंगेल ते पोकळ म्हणून फेका, बुडेल ते ठेवा. पुन्हा वाळवून चुलीची राख किंवा कडुलिंबाचा सुका पाला घालून बरणीत भरलं तर वर्ष-दोन वर्षं सहज टिकतं. कडक कवचाच्या बियांचा हाच फायदा, भाजीच्या बियांसारखं ह्याच वर्षी संपवलं पाहिजे असं नसतं.

कवच फोडणं, म्हणजे मुख्य काम

तरवडाच्या बियाचं कवच पाणी आत घेतच नाही. साध्या पाण्यात आठवडाभर भिजत ठेवा, बाहेर काढाल तर जसंच्या तसं टणक. आता हे झाडाच्या दृष्टीने बरोबरच आहे, दुष्काळी भागात पहिला वळवाचा पाऊस पडला आणि सगळं बी एकदम उगवलं, पुढे महिनाभर पाऊस गायब झाला, तर सगळी पिल्लावळ एका फटक्यात खलास. म्हणून ऊन, पाऊस, माती ह्यांच्या घासाघाशीने कवच हळूहळू झिजतं आणि थोडं बी ह्या वर्षी, थोडं पुढच्या वर्षी असं उगवत राहतं. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि त्यांच्या पोटातून आलेलं बी पटकन उगवतं, म्हणून बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करायची पद्धत आहे. तरवडाला शेळी फारशी विचारत नाही, म्हणून तिचं काम आपल्याला करायचंय.

गरम पाण्याची पद्धत सगळ्यात सोपी, जास्त बी असेल तर हीच करा. पातेल्यात बियांच्या आठ-दहा पट पाणी घ्या, उकळी आली की गॅस बंद करा, पातेलं खाली उतरवून एक-दोन मिनिटं थांबा आणि मग बी टाका. उकळत्या पाण्यात गॅसवर ठेवून बी शिजवायचं नाही, हे परत परत सांगावं लागतं कारण लोक "गरम पाण्यात" वाचतात आणि डाळ शिजवल्यासारखं शिजवून मोकळे होतात. टाकलं की झाकण ठेवून तसंच पाणी थंड होऊ द्या आणि रात्रभर राहू द्या. सकाळी बघाल तर काही बी फुगून दुप्पट झालेलं, रंग फिकट, कवच मऊ, नखाने दाबलं तर दबतं, आणि काही अजून तसंच चकचकीत बारीक टणक. फुगलेलं लगेच पेरा, एक दिवससुद्धा ठेवू नका. न फुगलेल्याला परत गरम पाण्याचा एक राउंड द्या, त्यातनं अजून काही फुगतील. दुसऱ्या राउंडनंतरही जे टणकच राहिलं त्याला पॉलिश पेपर दाखवा.

पॉलिश पेपर, म्हणजे सुतार वापरतात तो, हार्डवेअरच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतो. थोडंच बी असेल, म्हणजे कुंडीत दोन-चार रोपं करायची असतील तर मी सरळ हेच सुचवेन, कारण ह्यात अंदाजाचं काम नाही. बी चिमटीत धरायचं, त्याचा जो टोकदार भाग असतो जिथे ते शेंगेला चिकटलेलं होतं तिथे हात लावायचा नाही, कारण कोंब तिथून येतो. त्याच्या विरुद्ध बाजूची गोल कड पेपरवर हळू घासायची, वरचा चकचकीत तपकिरी थर जाऊन आतला फिकट रंग दिसला की थांबायचं. फिकट ठिपका दिसला म्हणजे झालं, अजून घासलं तर आतली डाळ दुखावते. नेलकटरने तेवढ्याच जागी बारीकसा टवका उडवला तरी चालतं, फक्त चष्मा लागत असेल तर लावून बसा. मग साध्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं की सकाळी जवळपास सगळं फुगलेलं सापडतं, आणि एखादं फुगलं नसेल तर त्याला अजून दोन घासे द्या.

लॅबमधे ह्यासाठी सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरतात, हे कुठेतरी वाचून बॅटरीचं अ‍ॅसिड आणायला निघालेले महाभाग मला माहितीयेत. घरी असले धंदे करू नका, वीस रुपयांच्या पेपरने होणाऱ्या कामाला डोळे-हात कशाला पणाला लावायचे.

पेरणी

शेतात, माळावर, मोठ्या कुंपणाला लावायचं असेल तर सरळ जागेवर टोकणं सगळ्यात भारी, कारण सोटमुळाला कुठेच धक्का लागत नाही. मृगाचा पाऊस नीट पडून जमीन वीतभर ओली झाली की प्रत्येक जागी तीन-चार बिया टोकायच्या, त्यातल्या एक-दोन फोडलेल्या आणि एक-दोन न फोडलेल्या. हे मुद्दाम. पाऊस दगा देऊन गेला आणि उगवलेली रोपं जळाली तरी टणक बी जमिनीत शिल्लक राहतं, पुढे कधीतरी उगवतं, झाडाचीच युक्ती झाडाला परत वापरायची.

घरी रोपं करणार असाल तर फेब्रुवारी-मार्चमधे पिशव्या भरा, म्हणजे जून-जुलैपर्यंत रोप फूटभर होतं. पिशवी खोल पाहिजे, रुंदीला नाही. नर्सरीची पाच बाय आठची काळी पिशवी चालते, दुधाच्या पिशव्यापण चालतात, बुडाला आणि कडेला आठ-दहा भोकं पाडा. ट्रेमधे किंवा पसरट गादीवाफ्यावर रोपं करून नंतर उपटून पिशवीत लावायचा प्रकार तरवडाला नको, मूळ दुमडतं आणि झाड पुढे कायम रडत राहतं. मातीसाठी दोन भाग लाल माती किंवा चाळलेला बारीक मुरूम, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. कोकोपीट भरपूर घालून केलेलं रेडीमेड मिक्स ह्याला फार ओलसर पडतं, तेच वापरायचं असेल तर निम्मी वाळू मिसळा.

एका पिशवीत दोन बिया, साधारण एक सेंटीमीटर खोल, वर माती हलकी दाबून झारीने पाणी. उबदार हवेत आठवडाभरात पहिले कोंब दिसायला लागतात, दोन आठवड्यांत बहुतेक उगवून होतं. आधी दोन जाडसर गोलसर डाळी वर येतात आणि मग पहिलं खरं संयुक्त पान. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत पेरलं तर रेंगाळतं, घाई करून फायदा नाही. डाळींच्या वर दोन-तीन पानं आली की पिशवीतलं कमजोर रोप कात्रीने जमिनीलगत कापा, उपटू नका, उपटताना दुसऱ्याचं मूळ हलतं.

संध्याकाळी पानं मिटलेली दिसली तर घाबरू नका. ह्या कुळातल्या बऱ्याच झाडांच्या पर्णिका रात्री मिटतात आणि सकाळी उघडतात, ते पाणी मागत नाहीये. हे माहीत नसतं म्हणून लोक संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर मलूल दिसलं म्हणून परत पाणी ओततात, आणि आठवड्यात रोप बुडापाशी काळं पडून आडवं होतं. त्याला मर म्हणतात, बुरशीचं काम आहे, आणि एकदा लागली की ते रोप वाचत नाही, शेजारच्या पिशव्या लांब करा. तर पाणी सकाळी द्या, आणि बोट मातीत अर्धं पेर घालून बघा, कोरडं लागलं तरच द्या. ऊन पहिल्या दिवसापासून पाहिजे. फार तर एप्रिल-मेच्या दुपारी पहिले दोन-तीन आठवडे हिरव्या नेटची सावली चालेल, त्यानंतर पूर्ण उन्हात काढा, सावलीत वाढवलेलं रोप लांबलचक काडी होतं आणि पावसात कलंडतं.

लावणी आणि पहिलं वर्ष

रोप फूटभर झालं आणि एक-दोन दमदार पाऊस झाले, म्हणजे साधारण आर्द्रात, की लावून टाका. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल, निघालेल्या मातीतच एक घमेलं शेणखत मिसळून परत भरा, ह्यापेक्षा जास्त लाड नको. पिशवी ब्लेडने उभी चिरून मातीच्या गोळ्यासकट रोप ठेवायचं, मूळ पिशवीच्या बुडाशी गोल फिरलं असेल तर तेवढं टोक कापून टाकायचं. युरिया, डीएपी काही घालू नका, भरपूर नत्र मिळालं की नुसता पाला फोफावतो. आणि शेंगावर्गीय म्हणून हवेतलं नत्र जमिनीत आणेल अशी आशा असेल तर ते पण नाही, सेना वंशातल्या झाडांच्या मुळांवर तूर-हरभऱ्यासारख्या गाठी नसतात. पाला मात्र हिरवळीचं खत म्हणून चांगला, तमिळनाडूकडे भातखाचरात तुडवतात, छाटणी झाली की आपणही झाडांच्या बुडाशी टाकायचा.

जमीन कसलीही चालते, मुरूम, लाल, खडकाळ, थोडी चोपणसुद्धा, फक्त पाणी साचायला नको. काळ्या भारी जमिनीत लावणार असाल तर वरंब्यावर किंवा फूटभर उंचवटा करून लावा. कोकण-गोव्यातली मंडळी दरवेळी विचारतात की आमच्याकडे येईल का. खरं सांगायचं तर हे पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसात सुखी असणारं झाड आहे, तीन हजार मिलिमीटरच्या पावसात जांभ्याच्या उतारावर, कातळावर निचरा असेल तर जगेलही, पण तिथे तुमच्याकडे कुड्याची झुडपं आहेत, हौस असेल तर तरवड मोठ्या कुंडीत लावा आणि पावसाळ्यात पागोळ्यांच्या आत घ्या. पुण्या-मुंबईच्या टेरेसवर तसंच, सोळा इंची कुंडी, दिवसाचं निदान सहा तास ऊन, आणि कुंडीखाली प्लेट ठेवायची नाही.

अंतर कुंपणासाठी अडीच-तीन फूट, सुटं झाड डौलदार दिसायला पाहिजे असेल तर सहा फूट. उंची साधारण माणसाएवढी ते दहा फूट, कापत राहिलात तर कमरेएवढंपण ठेवता येतं. रोप दीड फुटाचं झालं की शेंडा खुडा, नाहीतर एकच दांडा वर जातो आणि फुलं सगळी टोकाला.

पहिला उन्हाळा मात्र सांभाळा. दुष्काळी झाड म्हणजे लावल्या दिवसापासून दुष्काळी असं नसतं, मूळ खाली जायला वेळ लागतो. पहिल्या फेब्रुवारी ते मे आठ-दहा दिवसांतून एकदा बादलीभर पाणी, रोज ग्लासभर नाही. रोज थोडं दिलं की मुळं वरच राहतात. बुडाशी पालापाचोळ्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला, खोडाला चिकटवू नका. दुसऱ्या उन्हाळ्यापासून पाणी बंद. ठिबकच्या लाइनवर तरवड बसवलेली बाग असते ना, तिथे झाड हिरवंगार दिसतं आणि फुलं बघावी तर चार, मालक म्हणतो जातच खराब आहे. जात चांगली आहे, ड्रिपर बंद कर बाबा.

फुलं साधारण दुसऱ्या वर्षी धरतात. मधमाशा आणि काळे मोठे भुंगे येतात तेव्हा एकदा जवळ जाऊन बघा, भुंगा पुंकेसरांना मिठी मारून अंग थरथरवतो आणि आवाज एकदम बदलतो. तरवडाच्या फुलात मध नसतो, फक्त पराग, आणि तो पुंकेसराच्या टोकाच्या बारीक भोकातून असा हलवूनच बाहेर पडतो. गच्चीवर उंच मजल्यावर भुंगे कमी येतात म्हणून तिथे फुलं येऊन शेंगा धरत नाहीत, तो रोग नाही.

छाटणी शेंगा उतरवून झाल्या की, फेब्रुवारी-मार्चमधे. एक तृतीयांश कापा, जुनाट झालेलं झाड जमिनीपासून दीड फुटावर कापलं तरी परत फुटतं. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात त्यामुळे छाटलेल्या झाडाला नवरात्रात घोस जास्त. जुलै-ऑगस्टमधे छाटलंत तर त्या वर्षीची माळ विसरा.

अळ्या येतात, हिरव्या, अंगावर कडेने फिकट पट्टा. ती फिकट पोपटी-पांढरी फुलपाखरं जी पावसाळ्यात भरपूर उडतात, त्यातल्या काहींची पिल्लं ह्याच पाल्यावर वाढतात. पानं खाऊन चाळण करतात पण झाड पंधरा दिवसांत परत पानं काढतं, फवारणी करू नका, त्याच फुलांची तुम्ही माळ करणार किंवा वाळवून ठेवणार.

औषधाचं काय

तरवड औषधी आहे हे खरं, आणि त्याच्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं त्यातलं बरंच खोटं, हेही खरं. आयुर्वेदात ह्याला आवर्तकी म्हणतात. सगळ्यात जास्त वापर तमिळनाडूत, तिथे ह्याला आवारम म्हणतात, सिद्ध नावाच्या तिथल्या पारंपरिक वैद्यकात आवारै कुडिनीर नावाचा काढा मधुमेहाला देतात, वाळलेल्या फुलांची पूड मुगाच्या पिठात घालून अंगाला लावतात. श्रीलंकेत रणवरा म्हणून फुलांचा चहा दुकानात मिळतो. सालीत टॅनिन भरपूर, त्यामुळे पूर्वी कातडी कमवायला ती जायची आणि तुरटपणामुळेच तिच्या काढ्याच्या गुळण्या घसा-हिरड्यांसाठी सांगितल्या जातात, कोवळ्या काडीचं दातवणपण करतात. आणि आपल्या शेजारी तेलंगणाने २०१४ साली ह्यालाच राज्यफूल केलं, तिकडे हा तंगेडू, बतुकम्मा, म्हणजे देवीसाठी करतात ती फुलांची उतरंड, रचायला तो लागतोच, सोलापुरातल्या तेलुगू घरांमधेसुद्धा नवरात्रात बतुकम्मा असते.

फुलं वाळवायची असतील तर सकाळी दव उडाल्यावर पूर्ण उमललेली खुडा, देठ काढा, सावलीत कापडावर पसरा, कुरकुरीत झाली की काचेच्या बरणीत. हायवेच्या कडेची फुलं देवाला चालतील, पोटात घ्यायला नको, धूळ आणि धूर बसलेला असतो.

आता शुगरवाल्यांसाठी. मधुमेही उंदरांवर फुलांच्या अर्काचे प्रयोग झालेत आणि साखर कमी झालेली दिसलीय, पण उंदीर म्हणजे तुमचे आजोबा नव्हेत. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना वर हा काढा घेतला तर साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि गोळ्या बंद करून काढ्यावर राहिलं तर वर, दोन्ही वाईट. शिवाय श्रीलंकेतल्या संशोधकांनी १९८१ साली तिथल्या औषधी वनस्पती तपासल्या तेव्हा लिव्हरला घातक पायरोलिझिडिन अल्कलॉइड ज्या मोजक्यांमधे सापडले त्यात तरवडपण होता, म्हणजे "नॅचरल आहे, कितीही प्या" हे चालणार नाही. फिटसाठी कार्बामाझेपिन चालू असेल तर अजिबात नको, ह्या चहाने त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं असं उंदरांमधे दिसलंय. गरोदर बायका, लहान पोरं, लिव्हरचा त्रास असलेले, ह्यांनी लांब राहा. बियांची पूड डोळ्यात घालायचा जुना उपाय कुणी सांगितला तर हात जोडा आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. बाकी कुणाला घ्यायचंच असेल तर वैद्याला विचारून, ठरावीक दिवस.

राहिलेले एक-दोन प्रश्न जे हमखास येतात. फांदी लावून येतो का? छाटलेल्या काड्या खोचून बघण्यात वेळ घालवू नका, आणि काडीचं रोप झालं तरी त्याला खाली जाणारं सोटमूळ नसतं, म्हणजे ज्यासाठी तरवड लावायचा तेच गेलं. गुरं आत येऊ नयेत म्हणून नुसत्या तरवडाचं कुंपण पुरेल का? नाही पुरणार, काटे नाहीत त्याला. गुरं खात नाहीत पण तुडवून आत येतात, मधे मधे सागरगोटा किंवा चिल्हार घाला. आणि बी विकत मिळालं तर घ्यावं का? घ्या, पण पाकीट फोडून आधी भोकं पडलेलं बी किती ते बघा, आणि पाकिटावर "डायरेक्ट सोइंग" लिहिलेलं असलं तरी पॉलिश पेपर काढून बसाच.